पंच्याहत्तरच्या वर

"हलू नकोस," घोरपडे सर म्हणाले. "श्वाससुद्धा जरा थांबव."

मी आमच्या गिरणीतल्या पोत्यांच्या काट्यावर उभी होते. एरवी त्याच्यावर ज्वारीची आणि गव्हाची पोती चढायची. दुपारी गिरणी बंद असली की अधूनमधून मी चढायची. सर दांडीवरचं वजन दोन बोटांनी हळूहळू सरकवत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिठानं पांढरे झालेले हात पाठीमागं धरून बघत होते.

"बहात्तर, वर थोडं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "भूपालराव, पोरीला वाढवायची."

"वाढलीच की," अण्णा म्हणाले. "एकोणिसावं लागलं."

"तसं नव्हे. वजनानं वाढवायची."

घोरपडे सर धामणवाडीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. तरुणपणी त्यांनी वेटलिफ्टिंग केलं होतं आणि तो किडा काही गेला नव्हता. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी एक बार आणि थोडी वजनं आणून ठेवली होती. मी गिरणीत पोती उचलून टाकते हे बघून त्यांनी मला एके दिवशी शेडमध्ये नेलं. तेव्हापासून तालुका, जिल्हा, विभाग असं करत मी राज्य स्पर्धेपर्यंत आले होते.

बायकांचे तेव्हा सात गट असायचे. बहात्तर किलोची मुलगी पंच्याहत्तर किलोपर्यंतच्या गटात खेळणार, हे उघड होतं. पण त्या गटात मिरजेची शकीला जमादार होती. मी खालच्या गटात होते तेव्हा तिला दोन स्पर्धांमध्ये लांबून बघितलं होतं, आणि दोन्ही वेळा ती लांब आहे याचंच बरं वाटलं होतं. तिनं बार खाली टाकला की मांडवातली लहान पोरं रडायला लागायची.

"आणि पंच्याहत्तरच्या वर कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

सरांचा चेहरा उजळला. ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "कोणी नाही! गेल्या साली त्या गटाचं सुवर्णपदक जसं आणलं तसं पेटीतनं माघारी गेलं. पद्मानं फक्त पंच्याहत्तरच्या वर भरायचं, जाऊन उभं राहायचं, झेपेल तेवढं उचलायचं. पहिला नंबर!"

"पयला नंबर" हे शब्द ऐकून आई आतून दारात आली. तिच्याशी माझा एक करार झाला होता. शिरोळच्या एका घरातून मला बघायला यायचं म्हणत होते. मुलगा साखर कारखान्यात होता आणि आईनं त्याचा फोटो देवघराच्या कोनाड्यात उभा करून ठेवला होता. मी रडून, रुसून, शेवटी बार धरून उभी राहून सांगितलं होतं की मला अजून खेळायचंय. मग आई म्हणाली होती, "राज्यात पयला नंबर आण, दोन वर्सं पावण्यांचं नाव काढणार न्हाई. न्हाई आला तर मुकाट्यानं पोह्यांची ताटली घेऊन भाईर यायचं. दुसरा-तिसरा मला सांगायचा न्हाई."

आता तिनं सरांकडं बघितलं, मग काट्यावरच्या माझ्याकडं.

"सर, तुम्ही भूगोल शिकवताय म्हणून माझ्या पोरीचा डोंगर करायचा का?"

"तीनच किलो, वहिनी. जरा वर."

"शिंपीण आत्ताच जादा कापड मागतीया! पावनी म्हणतील, मुलगी बघाय बोलावलं का म्हस?"

पण पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर. रात्रभर विचार करून सकाळी आई म्हणाली, "बरं. पर घरच्या खाण्यावर वाढली पायजे."

ही अट वाटते तितकी साधी नव्हती. आमचं घर जैन. दिवस मावळला की चूल बंद, पाण्याखेरीज तोंडात काही नाही. म्हणजे जे काय तीन किलो वाढायचं ते उजेडात वाढायला हवं होतं. सरांना हे कळल्यावर त्यांनी पंचांगातून सूर्यास्ताच्या वेळा काढून घेतल्या. एकदा त्यांनी, फक्त एकदाच, चहा पिता पिता अंड्यांचा विषय काढला. आईनं त्यांच्या हातातली अर्धी भरलेली कपबशी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

मग सुरुवात झाली. सकाळी शेंगदाण्याची पोळी. शाळेच्या सुट्टीत सर डब्यातून बेसनलाडू पाठवायचे. दुपारी भाकरी, आमटी, लोण्याचा गोळा. चार वाजता शेजारची हौसाक्का माळीण म्हशीचं दूध घेऊन यायची आणि मी ते पिऊन होईपर्यंत कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. हौसाक्काचा भाकऱ्या करून विकायचा धंदा होता. दर आठवड्याला तिचं ज्वारीचं पोतं आमच्या गिरणीत यायचं, त्यामुळं मी वाढणं हे ती घरचंच काम समजायची. संध्याकाळी सूर्य उसाच्या फडामागं टेकला की घराघरांतून हाका सुरू व्हायच्या. "पद्मे, खरवस खाऊन जा गं!" "पद्मे, दिवस बुडतोय, एवढी बासुंदी संपीव!"

मला आयुष्यभर "आता पुरे" ऐकायची सवय होती. तुपाची वाटी माझ्यापुढं आली की आई ती अलगद सरकवायची. त्यामुळं पहिला आठवडा मी स्वर्गात होते. दुसऱ्या आठवड्यात हाक ऐकू आली की मी गिरणीत पोत्यांच्या आड बसू लागले. तिथंही हौसाक्का पोचायची. सरांनी तर गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पद्माला कुठं चालत पाठवू नका, चालण्यानं वजन जातं. मी विहिरीकडं निघाले की दोन बायका येऊन कळशी काढून घ्यायच्या. बार उचलताना तेवढं कोणी हात लावत नव्हतं.

एवढं करून वजन हळूहळूच वाढलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी काट्यावर चढले तेव्हा गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी वजन सरकवलं, मागं घेतलं, परत सरकवलं.

"पंच्याहत्तर... आणि वर अर्धा!"

टाळ्या पडल्या. हौसाक्कानं पेढे वाटले. त्यातले चार मला खावे लागले.

स्पर्धा इचलकरंजीला एका मोठ्या सभागृहात होती. आमच्याकडून टेम्पो भरून माणसं आली. वजनाची खोली आत एका बोळात होती. तिथं फक्त खेळाडू आणि बायका पंच. सर बाहेर अंगणात थांबले. खोलीतल्या बाईंनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन."

"काय?"

"चौऱ्याहत्तर, तीन. वरच्या गटात जायचंय ना तुम्हाला? सातशे ग्रॅम कमी आहेत. तासाभराच्या आत परत येता येईल. काट्यावर ज्या गटात भराल आणि सही कराल, तो गट पक्का. एकदा सही झाली की बदल नाही."

मी बाहेर येऊन सांगितलं. सरांनी आधी त्या काट्याला शिव्या घातल्या. मग त्यांना कळलं की तो काटा सकाळीच तपासून मोहोर मारून ठेवलेला आहे. आणि मग, एकामागून एक, टेम्पोतून आलेली सगळी माणसं अण्णांकडं बघायला लागली.

"म्हंजी भूपाल," हौसाक्का सावकाश म्हणाली, "तुझा काटा एक किलोनं जादा दावतोय."

अण्णांच्या अंगावर पीठ नसतानाही ते पांढरे पडले. "हौसाक्का, देवाशपथ, मी काट्याला हात लावला न्हाई."

"लावला न्हाईस म्हणूनच ही गत," हौसाक्का म्हणाली. "किती साल धुतला न्हाईस? माझं पोतं..." तिचे ओठ हलायला लागले. ती हिशेब करत होती. अण्णा तिच्या ओठांकडं बघत उभे होते. शेवटी तिनं हात झटकला. "मागनं बघू. आधी पोरीचं बघा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो काटा उलटा केला तेव्हा फळीच्या पोटाला दगडासारखी घट्ट बसलेली पिठाची वडी निघाली. अण्णा ती हातावर घेऊन दारोदार दाखवत फिरले. पण त्या अंगणात तेव्हा ते कोणाला माहीत नव्हतं, आणि माझे वडील एका बाकावर जाऊन अंग चोरून बसले.

सर भानावर आले. "सातशे ग्रॅम म्हणजे काय? पाणी!" त्यांनी कुठून तरी मोठा तांब्या भरून आणला आणि केळ्यांची अर्धी फणी माझ्या हातात दिली. "आत बस, खा, पी, परत वजनाला जा. मी आणखी केळी आणतो." आई लांबून बोटानं खूण करत होती: एक. पहिला.

मी बोळातल्या बाकावर बसले आणि केळं सोलायला लागले. बोळाच्या त्या टोकाकडून या टोकाला कोणीतरी धावत येत होतं. अंगात पावसाळी कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, तोंड लालबुंद. माझ्यासमोर येऊन ती थांबली आणि केळ्याकडं बघायला लागली.

शकीला जमादार. इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिच्या नाकावर घामोळं उठलं होतं.

"ए बाई," ती म्हणाली, "असं समोर बसून केळी खातेस? माझं चारशे ग्रॅम जास्त भरलंय. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात."

मी केळं पाठीमागं लपवलं. "माझं सातशे ग्रॅम कमी भरलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग इतकी हसली की धापा टाकत बाकावर बसली. "देता आलं असतं तर माझे चारशे तुला दिले असते."

"तरी तीनशे कमीच पडले असते."

"वरच्या गटात चाललीस? तिथं कोण आहे?"

"कोणी नाही. म्हणून तर."

"हां," ती म्हणाली. तिनं टोपी काढून वारा घेतला. "आणि पंच्याहत्तरला कोण आहे ठाऊक आहे?"

"तू."

"आणि?"

मी खांदे उडवले.

"कोणी नाही. सोलापूरची एक होती, ती उपाशी राहून खालच्या गटात गेली. नागपूरची होती, तिनं लग्न केलं. गेल्या सालीबी मी एकटीच. मीच पहिली, शेवटचीबी मीच. अब्बा मोहल्ल्यात सांगतात, पोरगी पहिली आली. माझा चाचा आहे एक, तो विचारतो, कितीतनं?"

मी हसले. ती हसली नाही.

"खरं सांगू? मला कळतच नाही गं, माझ्यात जोर आहे की समोर कोणी नाही." तिनं टोपी परत डोक्यावर ओढली, माझ्या हातातल्या तांब्याकडं एकदा बघितलं आणि ती बोळाच्या त्या टोकाकडं धावत गेली.

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं. शिरोळच्या मुलाचा कोनाड्यातला फोटो मला दिसत होता, आणि आईचं एक बोट. एक घोट घेतला. मग उठून बाकाशेजारी सुकलेल्या शेवंतीची कुंडी होती, तिच्यात सगळा तांब्या ओतला. केळी बाकावर ठेवली आणि वजनाच्या खोलीत गेले.

"पंच्याहत्तरलाच?" बाईंनी विचारलं. "मघाशी तुमचे सर म्हणत होते..."

"सर भूगोलाचे आहेत," मी म्हणाले आणि सही केली.

बाईंनी मला दुसऱ्या दारानं थेट सरावाच्या जागेकडं पाठवलं. तिथं सर दोन डझन केळी घेऊन हजर होते. त्यांनी डोळ्यांनी विचारलं, मी मान हलवली. झालं एवढंच त्यांना कळलं. काय झालं ते मी सांगितलं नाही. शकीला कुठं दिसत नव्हती. मला वाटलं, पडद्यापलीकडं तयारी करत असेल.

थोड्या वेळानं ध्वनिक्षेपक खरखरला. "पंच्याहत्तर किलो वजनगट. स्पर्धक एक. पद्मावती भूपाल चौगुले, धामणवाडी."

सरांच्या हातातली केळी खाली पडली. "पंच्याहत्तर? अगं, पंच्याहत्तर?"

पण मला दुसराच शब्द टोचला होता. एक?

"आणि पंच्याहत्तर किलोच्या वर," आवाज पुढं म्हणाला, "स्पर्धक एक. शकीला दस्तगीर जमादार, मिरज."

पडदा बाजूला झाला आणि शकीला बाहेर आली. अंगात पावसाळी कोट नव्हता. तिच्या हातात केळं होतं. अर्धं खाल्लेलं. बहुतेक माझंच, बाकावरचं.

आम्ही एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

एकटीनं स्पर्धा खेळणं हा फार विचित्र प्रकार असतो. माझ्यानंतर माझीच पाळी, आणि त्या पाळीनंतर परत माझीच. निवेदक मात्र गंभीरपणानं सांगत होता, "मंचावर येत आहेत, पद्मावती चौगुले. तयारीत राहावं, पद्मावती चौगुले." आमच्या टेम्पोतली माणसं प्रत्येक वेळी मी पुढं गेले म्हणून टाळ्या वाजवत होती. मी शेवटी ऐंशी किलो खांद्यावर घेऊन डोक्यावर नेलं आणि माझा पहिला नंबर आला. मग शकीला आली, तिनंही ऐंशी उचललं, तिचाही पहिला नंबर आला. पाहुण्यांनी दोघींच्या गळ्यात पदकं घातली. सभागृहात कोणीतरी खुसखुसलं.

पदकं घालून आम्ही मंचावर शेजारी शेजारी उभ्या होतो. शकीला तोंडातल्या तोंडात म्हणाली, "तू इथं काय करतेस?"

"तू वर काय करतेस?"

"तुझ्याशी खेळायला गेले! तू वर चाललीस म्हणालीस ना? धावायची थांबले, दोन तांबे पाणी प्याले!"

"आणि मी तुझ्याशी खेळायला खाली राहिले! तांब्या कुंडीत ओतला!"

"कशाला ओतलास, खुळे?"

"तू कशाला प्यालीस?"

समोर निवेदकाचा माईक चालूच होता. सगळं सभागृह ऐकत होतं. आधी मिरजेकडचे हसायला लागले, मग आमचे, मग वजनाच्या खोलीतल्या बाई दारात येऊन डोळे पुसायला लागल्या. मागच्या बाजूनं हौसाक्काचा आवाज आला, "आवं, मग आता लावा की त्यांची! बार तिथंच हाय न्हवं?"

मुख्य पंचांनी घड्याळ बघितलं. त्यांनी पेनाला टोपण लावून खिशात अडकवलं. "स्पर्धा संपलेली आहे," ते म्हणाले. "नोंद होणार नाही. बाकी तुम्ही काय करता ते मला दिसत नाही." आणि ते पहिल्या रांगेत जाऊन नीट दिसेल अशा खुर्चीवर बसले.

आम्ही पदकं काढून सरांच्या गळ्यात घातली, कारण ते जवळ होते. ब्याऐंशी लावलं. मी उचललं. शकीलानं उचललं. सभागृहात आता कोणी हसत नव्हतं. पंच्याऐंशी मी शेडमध्येसुद्धा कधी उचललं नव्हतं. शकीला पुढं गेली, बार खांद्यावर घेतला, क्षणभर डोळे मिटले आणि तो वर नेला. हात सरळ राहिले. तिनं बार टाकला आणि सभागृहातली लहान पोरं रडली.

मग मी. बार खांद्यापर्यंत आला. तो तिथपर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं, त्यामुळं पुढं काय करायचं हे मला क्षणभर सुचेना. मी गुडघे वाकवले आणि सगळ्या खरवसासकट, बासुंदीसकट, लोण्यासकट जोर लावला. बार कपाळाच्या वर गेला. तिथं थांबला. माझा डावा हात वाकला आणि पंच्याऐंशी किलो माझ्यासमोर दणकन खाली आले.

मी हरले. लाज वाटायला हवी होती, पण मला हसू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. शकीलानं मला मिठी मारली. ती घामानं चिंब होती. "दोन," ती माझ्या कानात म्हणाली. "चाचाला सांगते, दोघींतनं पहिली."

मंचाखाली आई उभी होती. ती गर्दीतून कोपरानं वाट काढत पुढं आली होती आणि तिचा पदर पार खांद्यावरून घसरला होता. अण्णा तिच्या मागं. सर दोन्ही पदकं गळ्यात घालून बाजूला. ते घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, पहिला नंबर आहे हं. कागदावर पहिलाच आहे. हे आत्ताचं धरायचं नाही."

आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती शकीलाकडं बघत होती, डोळे बारीक करून, नखशिखांत. बाजारात म्हैस बघतात तसं.

"पद्मे, हिनं तुला हरीवलं?"

"हो."

"किती किलोनं?"

"तीन."

आईनं घसरलेला पदर खांद्यावर ओढला. मग अण्णांकडं वळली.

"शिरोळला कळवा," ती म्हणाली, "पोरीला सवड न्हाई. आदी या मिरजवालीला हरवायचं हाय. मग बघू लग्नाचं."